बीकर आधी, संगणक नंतर: कॅडमियम टेल्युराइडच्या फिल्मचं गणित मांडताना

वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, प्लेटिंग करणाऱ्या एखाद्या जुन्या कारागिराला विचारा, एवढ्या पत्र्यावर निकेल चढवायला किती वेळ लागेल? तो टाकीकडे बघतो, अँपिअर मीटरकडे बघतो आणि आकडा सांगतो. फॅराडेचं नाव त्यानं ऐकलेलं असेलच असं नाही, पण जितकी वीज वाहील तितका धातू बसेल, हा फॅराडेचा नियम त्याच्या बोटांवर असतो. एम.एस्सी. करून मॉडेलिंगला बसणारी आपली मुलं नेमकी हीच पायरी गाळतात. पहिल्याच दिवशी कॉमसॉल हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर उघडतात, त्रिमितीय बीकर काढतात, छान रंगीत चित्र येतं, आणि चित्रातला करंट खऱ्यापेक्षा हजारपट आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मीही त्यातलाच. म्हणून दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कुणी नवखा विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला, की मी आधी लॅपटॉप बंद करायला लावतो आणि पाठकोरा कागद पुढे सरकवतो. तिथे जे सांगतो तेच इथे लिहितोय: द्रावणातून वीज सोडून काचेवर पातळ फिल्म चढवायची, तर तिचं मॉडेल कसं मांडायचं.

उदाहरण म्हणून कॅडमियम टेल्युराइड घेऊ. हा सौर सेलमधला अर्धवाहक. सूर्यप्रकाश शोषायला याचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, सोयीचा आहे, सुमारे १.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. घटक दोनच, त्यामुळे हिशेब आटोक्यात राहतो. आणि वाट मळलेली आहे: १९७८ मध्ये पणिक्कर, क्नास्टर आणि क्रोगर यांनी आम्ल द्रावणातून कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकावर, ही फिल्म कशी बसवायची ते दाखवलं. पुढे बीपी सोलरनं याच पद्धतीनं मॉड्यूलसुद्धा बनवले आणि २००२ मध्ये ते काम थांबवलं. एकदा हे जमलं की कॉपर इंडियम सेलेनाइडसारख्या तीन घटकांच्या भानगडीत पडा, आधी नको.

पायरी १: कॅथोडवर काय घडतंय ते मराठीत लिहून काढा

समीकरण नको, वाक्यं लिहा. बाथमध्ये, म्हणजे बीकरमधल्या द्रावणात, कॅडमियम सल्फेट भरपूर आहे, समजा लिटरला ०.१ मोल. सल्फ्युरिक ॲसिडनं पीएच २ च्या आसपास आणलाय. टेल्युरियम डायऑक्साइड मात्र चिमूटभर, कारण ते विरघळतंच फार थोडं. आपण लिटरला ०.३ मिलीमोल धरू. आम्लात त्याचा धनभारित आयन होतो. आपला कॅथोड म्हणजे वीज वाहणारा थर दिलेली काच. तो आयन काचेवर पोचला की चार इलेक्ट्रॉन घेऊन टेल्युरियम म्हणून बसतो. मग शेजारचा कॅडमियम आयन दोन इलेक्ट्रॉन घेऊन त्याला चिकटतो. एका जोडीमागे सहा इलेक्ट्रॉन आणि वर तीन हायड्रोजन आयन खर्ची पडतात.

इथे एक गंमत आहे आणि सगळ्या मॉडेलचा जीव तिच्यात आहे. नुसतं कॅडमियम धातू म्हणून बसवायचं तर बरंच ऋण पोटेन्शियल लागतं: प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.४०३ व्होल्ट, आणि द्रावण ०.१ मोलर असलं तर उणे ०.४३. पण समोर टेल्युरियम तयार असेल तर कॅडमियम जवळपास अर्धा व्होल्ट आधीच यायला लागतं. घरात आपलं माणूस असलं की दार लवकर उघडतं, तसं. हा अर्धा व्होल्ट कुठून आला? संयुग तयार होताना मोलमागे साधारण १०० किलोज्यूल ऊर्जा सुटते. तिला दोन इलेक्ट्रॉन आणि फॅराडे स्थिरांक ९६,४८५ यांच्या गुणाकारानं भागा. उत्तर ०.५२ व्होल्ट येतं. हा भागाकार स्वतः करा, वाचून पुढे जाऊ नका.

यातून तीन पट्टे पडतात. पोटेन्शियल फार धन ठेवलं तर फिल्ममध्ये टेल्युरियम जास्त. फार ऋण, म्हणजे कॅडमियमच्या स्वतःच्या पातळीखाली गेलात, तर सुटं कॅडमियम साचतं. मधल्या खिडकीत दोन्ही एकास एक. सहसा लोक खिडकीच्या ऋण टोकाला, कॅडमियमच्या पातळीच्या काही दशक मिलिव्होल्ट वर काम करतात. तिथं थोडं इकडेतिकडे झालं की फिल्म पी-टाइपची (धन वाहकांची) एन-टाइप (ऋण वाहकांची) होते, म्हणून हे आकडे जिवापाड जपायचे.

जपायचे म्हणजे, रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत पोटेन्शियल मोजलं तो, कुठला ते प्रत्येक आकड्यापुढे लिहायचं. संतृप्त सिल्व्हर क्लोराइड आणि कॅलोमेल यांच्यात सुमारे ४५ मिलिव्होल्टचा फरक आहे. एका पेपरातला आकडा दुसऱ्या इलेक्ट्रोडला लावलात की खिडकीतून थेट बाहेर.

पायरी २: काय टाकून द्यायचं ते ठरवा

नवख्याला वाटतं, मॉडेलमध्ये जितकं जास्त तितकं चांगलं. उलट आहे. पंगतीत पन्नास पानं मांडलीत, भात-वरण-भाजी सगळं तयार आहे, पण तूप वाढणारा एकच. पंगत त्याच्या चालीनं उठणार. आपल्या बाथमध्ये तो तुपवाला म्हणजे टेल्युरियम. कॅडमियम त्याच्या तीनशेपटीहून जास्त आहे, त्यामुळे काचेजवळ ते कमी पडेल ही चिंता सोडा आणि त्याची संहती (लिटरमागे किती मोल) स्थिर धरा.

हायड्रोजन आयनांचं काय? पीएच २ म्हणजे लिटरला १० मिलीमोल. टेल्युरियम ०.३, त्यामागे तीन हायड्रोजन म्हणजे ०.९, आणि हायड्रोजन आयन पाण्यात टेल्युरियमच्या आयनापेक्षा जवळपास नऊपट झपाट्यानं सरकतात. काचेजवळची घट शंभरात एक. सोडून द्या. पण कुणी पीएच ४ वर काम करत असेल तर तिथं हायड्रोजन ०.१ मिलीमोलच उरतो आणि हाच मुद्दा डोक्यावर बसतो. म्हणजे दुसऱ्याचं मॉडेल उचलताना त्यानं काय टाकलंय ते त्याच्या बाथसाठी बरोबर असेल, तुमच्या नाही.

विद्युतक्षेत्रानं आयन ओढले जाणं: बाकीचे क्षार भरपूर आहेत, म्हणून तेही सोडा. उरलं काय? टेल्युरियमचं डिफ्युजन, म्हणजे दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप सरकणं. एकच.

पायरी ३: हाताने हिशेब

काच पूर्ण ताकदीनं टेल्युरियम खात असेल तर जास्तीत जास्त करंट किती? प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे:

मर्यादा करंट = इलेक्ट्रॉन × फॅराडे × डिफ्युजन गुणांक × संहती ÷ डिफ्युजन थराची जाडी

इलेक्ट्रॉन सहा. डिफ्युजन गुणांक पाण्यातल्या बहुतेक आयनांसाठी २५ अंशांना ०.००००१ चौरस सेंटिमीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो. चुंबकी ढवळणी चालू असताना डिफ्युजनचा थर, म्हणजे काचेलगत टेल्युरियम कमी होत जातं तो द्रावणाचा पट्टा, साधारण ०.०१ सेंटिमीटर धरा.

आता संहती. इथेच माझे तीन आठवडे गेले होते. ०.३ मिलीमोल प्रति लिटर हा आकडा मी तसाच ०.०००३ म्हणून प्रोग्रॅममध्ये टाकला. बाकी सगळं सेंटिमीटरमध्ये आणि हा एकटा लिटरमध्ये! घनसेंटिमीटरमागे तो ०.००००००३ मोल होतो. सहा शून्यं मोजा आणि मग तीन. करंट हजारपट येत होता आणि मी बिचाऱ्या डिफ्युजन गुणांकाला दोष देत बसलो होतो. तेव्हापासून मी प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीपुढे एकक लिहितो. लोक हसतात. हसू देत.

बरोबर घातलं की उत्तर ०.१७ मिलीअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर. आता फॅराडे लावून जाडी:

जाडी = करंट × वेळ × मोल-वजन ÷ (६ × फॅराडे × घनता)

मोल-वजन २४०, घनता ५.८५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. तासाला ०.४३ मायक्रॉन. दोन मायक्रॉनची फिल्म हवी तर पावणेपाच तास धरा. तुमच्या लॅबमध्ये कुणी अर्ध्या तासात दोन मायक्रॉन झाली म्हणत असेल, तर बाथ वेगळा असेल किंवा फिल्म भुसभुशीत असेल. एवढं सांगायला संगणक लागत नाही.

हे झालं २५ अंशांचं. प्रत्यक्षात बाथ ऐंशीच्या आसपास तापवतात. पाणी पातळ होतं, डिफ्युजन गुणांक सुमारे तिप्पट होतो, पण म्हणून करंट तिप्पट होत नाही, कारण डिफ्युजनचा थरही सोबत जाड होतो. ढवळलेल्या द्रावणात वाढ सव्वादोन ते अडीचपटीच्या घरात राहते. वडोदऱ्याच्या मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असते, तेव्हा रूम टेंपरेचर असं वहीत लिहू नका. थर्मामीटर बुडवा, आकडा लिहा.

पायरी ४: बीकर रिकामा होतो हे विसरू नका

माझ्या मते नवख्यानं लिहायचं पहिलं खरं मॉडेल हे आहे. एक समीकरण, एक अज्ञात, आणि तरी ते असं काही सांगतं जे बऱ्याच मोठ्या मॉडेलांतून सुटतं.

चार चौरस सेंटिमीटरची काच घ्या, २५० मिलीचा बाथ. त्यात टेल्युरियम किती? ७५ मायक्रोमोल. फिल्म तासाला सव्वाचार मायक्रोमोल खाते. चार तासांत पाचवा हिस्सा गेला! करंट संहतीच्या प्रमाणात आहे, म्हणून तोही तितकाच उतरणार, आणि तो उतरला की खाणंही मंदावणार. म्हणजे घातांकी घट. तिचा कालावधी असा काढा:

आकारमान × थराची जाडी ÷ (क्षेत्रफळ × डिफ्युजन गुणांक)

आपल्या आकड्यांनी ६२,५०० सेकंद, म्हणजे सतरा तासांहून थोडं जास्त. दोन मायक्रॉनला आता पावणेपाचऐवजी पाच तास वीस मिनिटं लागतात. ठीक आहे, चालून जातं.

आता हाच प्रयोग १०० मिलीच्या बीकरमध्ये करा. टेल्युरियम महाग म्हणून हा मोह सगळ्यांना होतो. कालावधी सात तासांवर येतो, चार तासांत चाळीस टक्क्यांहून जास्त टेल्युरियम संपतं, आणि दोन मायक्रॉनला साडेसात तास लागतात. त्याहून वाईट म्हणजे फिल्मचा वरचा भाग खालच्यापेक्षा वेगळ्या परिस्थितीत वाढलेला असतो. मी पाहिलंय, अशा उतरत्या करंटला लोक फिल्मचा रोध वाढला म्हणतात आणि त्यावर पानंच्या पानं लिहितात. बीकर मोठा घ्या आणि पुन्हा मोजा. उतार बदलला तर दोष बीकरचा.

आणखी एक: गरम बाथमधून पाणी उडतं, संहती वाढते, आणि वरची घट काही अंशी झाकली जाते. दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हा आलेख सपाट दिसतो आणि आपण खूश होतो. पातळीची खूण बीकरवर मार्करनं करा, डिस्टिल्ड पाणी घालत राहा.

पायरी ५: आता लॅपटॉप उघडा

पायथन पुरे आहे, नम्पाय आणि सायपायसकट. ऑक्टेव्ह येत असेल तर तेही. काचेपासून द्रावणाकडे सरळ एक रेघ काढा, तिच्यावर बिंदू मांडा, प्रत्येक बिंदूला संहती द्या. फिकचा दुसरा नियम सांगतो की बिंदूची संहती शेजाऱ्यांच्या सरासरीकडे सरकते. काचेवरच्या बिंदूला शून्य, दूरच्या टोकाला मूळ संहती. झालं.

सोपी पद्धत घेतलीत तर काळाचं पाऊल हे अंतराच्या वर्गाला डिफ्युजन गुणांकाच्या दुपटीनं भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा मोठं ठेवता येत नाही. बिंदू दोन मायक्रॉनवर असतील तर मर्यादा दोन मिलिसेकंद. ओलांडली की संहती उणे, मग अधिक, मग पुन्हा उणे, उत्तरायणातल्या गोत्या खाणाऱ्या पतंगासारखी. एका तासाच्या डिपॉझिशनला अठरा लाख पावलं होतात, म्हणून लांबच्या हिशेबाला क्रँक-निकल्सन पद्धत शिका आणि बिंदू काचेजवळ दाट, लांब विरळ ठेवा.

पहिला धनादेश वटवून बघायचा तो कॉट्रेलच्या सूत्राकडे. न ढवळलेल्या द्रावणात करंट वेळेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. आपल्या आकड्यांनी एका सेकंदाला ०.३१ मिलीअँपिअर, शंभर सेकंदांना ०.०३१. तुमचा प्रोग्रॅम हे दोन आकडे देत नसेल तर पुढे एक ओळही लिहू नका. देत असेल तर दुसरी तपासणी: द्रावणातून गेलेलं टेल्युरियम आणि फिल्मवर आलेलं टेल्युरियम यांची बेरीज-वजाबाकी जुळते का? किराणा दुकानाच्या वहीसारखं, पैशापैशानं.

खऱ्या बीकरमध्ये मात्र शंभर सेकंदांचा कॉट्रेल दिसत नाही. काही दशक सेकंदांत द्रावण आपसूक हलायला लागतं. शिस्तीत मोजायचं तर फिरता चकती-इलेक्ट्रोड वापरा. तिथं लेविचच्या सूत्रानं थराची जाडी नेमकी मिळते: मिनिटाला १,००० फेऱ्यांना सुमारे १६ मायक्रॉन, १०० फेऱ्यांना ५०. ढवळणीचा थर ०.०१ धरलेला अंदाज तेव्हाच खरा-खोटा कळतो.

पायरी ६: काच पोटेन्शियल खाते

पोटेन्शिओस्टॅटवर, म्हणजे पोटेन्शियल नेमून देणाऱ्या यंत्रावर, दिसणारा आकडा काचेच्या प्रत्येक बिंदूवर पोचतो असं आपण गृहीत धरतो. एफटीओ काचेचा (फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा) वीज वाहणारा थर चौकोनामागे सुमारे १० ओहमचा असतो. वरच्या टोकाला चिमटा लावला तर खालच्या टोकापर्यंतची घट म्हणजे करंट घनता गुणिले चौकोनी रोध गुणिले लांबीचा वर्ग, भागिले दोन. ०.२ मिलीअँपिअर धरा. दोन सेंटिमीटरच्या तुकड्याला ४ मिलिव्होल्ट. कुणाच्या गावीही नाही. पाच सेंटिमीटरला २५. दहा सेंटिमीटरला १००.

शंभर मिलिव्होल्ट म्हणजे वर कॅडमियम जास्त, खाली टेल्युरियम जास्त, एकाच काचेवर. लहान तुकड्यावर सुरेख येणारी फिल्म मोठ्या काचेवर का बिघडते, याचं पहिलं कारण हे, आणि ते लांबीच्या वर्गानं वाढतं. उपाय सोपा: चिमटे दोन्ही कडांना लावा, घट चौपट कमी होते.

फिल्मचा स्वतःचा रोध? एक मायक्रॉन जाडी, रोधकता एक लाख ओहम-सेंटिमीटर धरली तर दोन मिलिव्होल्ट. एक कोटी धरली तर दोनशे. स्वतःच्या फिल्मची रोधकता मोजल्याशिवाय हे पद मॉडेलमध्ये घालू नका, नाहीतर ते सगळ्या चुका पोटात घालणारा भाचा होऊन बसतं.

पायरी ७: पहिले काही सेकंद

सुरुवातीला फिल्म नसते, बेटं असतात. करंट चढतो, शिखर गाठतो, उतरतो. शारिफ्कर आणि हिल्स यांनी १९८३ मध्ये दिलेले दोन वक्र, एकदम जन्मणारी बेटं आणि हळूहळू जन्मणारी बेटं, यांच्याशी तुमचा आलेख ताडून बघा. जाडीच्या हिशेबाला याचा फारसा उपयोग नाही, फिल्म सलग येते की भोकं राहतात ते समजायला आहे. सुरुवातीला एवढंच.

पायरी ८: प्रयोगाशी जुळवताना

जुळवण्याआधी ठरवा, कुठला आकडा बदलायची मुभा आहे. मी एकच देतो, डिफ्युजन थराची जाडी. बाकी सगळे मोजलेले. चार-पाच आकडे मोकळे सोडलेत तर मॉडेल वडोदऱ्याच्या न्यायमंदिर इमारतीच्या कमानीशीसुद्धा जुळेल. आणि जुळवायचं ते करंटशी एकट्याशी नको. फिल्म सोलून जाडी मोजा, पायरी ३ च्या हिशेबाशी ताडा. विद्युतभार जास्त आणि जाडी कमी निघाली तर काही इलेक्ट्रॉन दुसरीकडेच गेले आहेत, बहुधा हायड्रोजन काढण्यात.

बाथ उरला की बाटलीत साठवा, मोरीत नाही. कॅडमियम विषारी आहे, हातमोजे शेवटपर्यंत.

एका उन्हाळ्यात माझं मॉडेल आणि प्रयोग तीन तास हातात हात घालून चालायचे आणि मग फुटायचे. मॉडेलमधला करंट शांतपणे उतरायचा, खरा करंट चारच्या सुमारास फुगायचा, सहा वाजता परत जागेवर. मी तापमान तपासलं, ढवळणी तपासली, वीजपुरवठ्यावर संशय घेतला, मॉडेलमध्ये फिल्मचा पृष्ठभाग खडबडीत होतो असं एक पद घातलं. ते पद सुरेख जुळलं. जुळलं म्हणून दोन पानं लिहूनही काढली.

लॅबमधले एक अटेंडंट काका रोज चारला चहा घेऊन यायचे. एकदा ते बीकरकडे बघत म्हणाले, "साहेब, तडका सरळ आत येतोय, परदा पाडून द्या ने." पश्चिमेची खिडकी. ऊन टेबलावरून सरकत सरकत बरोबर चारला बीकरवर यायचं. पी-टाइप फिल्म कॅथोड म्हणून काम करत असताना तिच्यावर प्रकाश पडला की करंट वाढणारच. पुस्तकातला पहिला धडा. मी अर्धवाहक बनवत होतो आणि तो अर्धवाहकासारखा वागतोय म्हणून हैराण होतो.

दोन पानं फाडली, खडबडीतपणाचं पद काढलं. दुसऱ्या दिवशी मंगळबाजारातून तीन मीटर काळं कापड आणलं, बीकरभोवती लावलं, आणि चारचा फुगा गेला.